वॉर्लमिअरच्या तळ्याचा तळ

१

शनिवारी दुपारी श्रॉपशरच्या टेकड्यांवरून धुकं उतरलं ते सोमवार उजाडला तरी हललं नाही. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा आणि रिकामी बाकं एवढीच मंडळी होती म्हणतात. दारासमोरचं फाटक दिसेना, तिथे घराबाहेर पडणार कोण?

सोमवारी न्याहारीच्या सुमारास वारा सुटला आणि धुकं फाटलं. जमीनदार टॅलॉक घराण्याच्या वाड्याची, म्हणजे वॉर्लमिअर हॉलची स्वयंपाकीण मिसेस ऑर्चर्ड कामावर जायला निघाली होती. दगडी पुलाच्या मध्यावर ती थबकली, कठड्याला धरून खाली पाहिलं आणि तशीच मागे फिरून गावात धावत आली.

"तळं गेलं!" ती एवढंच म्हणत होती. "अहो, तळं गेलं!"

खरंच गेलं होतं. दोनशे वर्षं हॉलच्या समोर आरशासारखं पसरलेलं तळं नाहीसं झालं होतं. उरला होता काळा गाळ, मधोमध एक डबकं, आणि काठाला तडफडणारे मासे. आणि त्या गाळातून वर आला होता एक रस्ता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांचे पाये, उंबरे, एक विहीर. जुनं वॉर्लमिअर. हॉलच्या खिडकीतून गरिबांची धुराडी दिसतात म्हणून टॅलॉक घराण्यातल्या कुणा एका सरांनी अख्खं गाव टेकडीपलीकडे हलवलं होतं आणि त्याच्यावर पाणी सोडलं होतं. गावातलं प्रत्येक पोर ही गोष्ट ऐकत वाढलेलं. पण डोळ्यांनी ते उंबरे आज पहिल्यांदा दिसत होते.

दुपारी एनॉक प्रॉसरला हॉलवरून बोलावणं आलं. प्रॉसर पोलिसात सार्जंट होता. निवृत्त झाला त्याच वर्षी बायको गेली. तेव्हापासून तो परसात कांदे लावायचा आणि ते खायला माणूस नाही म्हणून शेजाऱ्यांना वाटून टाकायचा.

लेडी सिबिल टॅलॉक त्याला जेवणघरात भेटल्या. एवढ्या मोठ्या हॉलमधल्या तीन खोल्याच आता वापरात होत्या, आणि त्यातल्या याच खोलीचं धुराडं धड चालत होतं. चाळीस माणसांच्या पंगतीचं टेबल मधल्या फळ्या काढल्यामुळे आक्रसून चहाच्या टेबलाएवढं झालं होतं. फळ्या ठेवायची भिंतीलगतची घडवंचीही रिकामी होती. पंचाहत्तरीच्या बाई पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. घरात असूनही हातांत लोकरी मोजे. खोलीत गारठाही तसाच होता.

"पोलिसांना नाही बोलावलं, प्रॉसर. तुम्हाला बोलावलं," त्या म्हणाल्या. "पोलीस आले की रूपर्टचंच ऐकतील."

"सर रूपर्ट काय म्हणतात?"

"तोच सांगेल."

सांगायला तो दारातच उभा होता. बाईंच्या दिवंगत यजमानांचा पुतण्या, इस्टेटीचा आताचा मालक. लंडनहून नुकताच पोचला होता, अंगातला ओव्हरकोटही काढला नव्हता.

"यात शोधायचं काय आहे, काकू? गाइल्स प्यू! महिन्याभरापूर्वी गुत्त्यात टेबलावर मूठ आपटून म्हणाला, एक दिवस या डबक्याचं बूच मीच काढणार. पन्नास साक्षीदार आहेत. आजवर कायद्यानं ते कूळ हलवता येत नव्हतं. आता कारण मिळालं. शुक्रवारी माझा वकील येतोय, त्याच्या हातानं प्यूला नोटीस."

"प्यू मंडळी इथे टॅलॉकांच्या आधीपासून आहेत," बाई हळूच म्हणाल्या.

"मग आता बरंच झालं की. पुष्कळ राहिले!"

प्रॉसरनं टोपी उचलली. दाराशी पोचला तेव्हा मागून बाईंचा आवाज आला. "प्रॉसर, जे खरं असेल ते शोधा. काहीही असलं तरी."

असं कोण म्हणतं? रस्त्यानं जाताना त्याच्या मनात ते शब्द रुतून बसले. ज्यांना गुन्हेगार हवा असतो ते 'शोधून काढा' म्हणतात. 'काहीही असलं तरी' कुणी म्हणत नाही.

२

बांधावर तळ्याचं पाणी सोडायच्या मोरीचं लोखंडी दार होतं आणि ते वर उचलायचं चाक. बापाबरोबर लहानपणी प्रॉसर इथे यायचा. बाप इस्टेटीचा सुतार होता. चाकाला दातेरी चक्रं अशी बसवली होती की ते कुणालाही फिरवता यावं. फक्त ताकद कमी असेल त्याला वेळ खूप लागे. चाक धड होतं, साखळी धड होती. काहीही तोडलेलं नव्हतं.

बांधाखालच्या ओढ्याकाठी गाइल्स प्यू गुडघाभर चिखलात उभा राहून कुंपण ठोकत होता. दोघं एकाच शाळेत छड्या खाल्लेले.

"ये, सार्जंट! बेड्या आणल्यास का, की सुतळीनं बांधतोस?"

"बूच काढीन म्हणाला होतास ना?"

"म्हणालो होतो! वरचं पाणी झिरपून माझं निम्मं कुरण कुजलंय. माझा आजाही तेच म्हणत मेला. म्हणणं हा गुन्हा असेल तर अख्ख्या गुत्त्याला फाशी दे!" मग आवाज खाली आला. "एनॉक, मी नाही रे. माझ्या गायी बघ जा."

गायी गोठ्यात होत्या. पायांना फडकी बांधलेली, एक आडवी पडून धापा टाकत होती. शनिवारी प्यूनं त्या खालच्या कुरणात सोडल्या होत्या. रविवारी ओढा हळूहळू चढला. वर कुठे पाऊस झाला असेल असं त्याला वाटलं. धुक्यात हंबरण्याच्या आवाजावरून एकेक गाय शोधून काढावी लागली होती.

"हळूहळू चढला? लोंढा नाही आला?"

"लोंढा आला असता तर ही गोठ्यात असती का? वितीवितीनं चढला."

प्रॉसरनं ओढ्याचे काठ पाहिले. कुठेही कापलेले नव्हते. प्यूचं मनगट म्हणजे वासरू उचलणारं मनगट. त्यानं चाक धरलं असतं तर दार एका दमात वर गेलं असतं आणि पाण्यानं काठ ओरबाडले असते. इथे मात्र कुणीतरी थोडं फिरवलं होतं, थांबलं होतं, पुन्हा थोडं फिरवलं होतं. आणि जाणूनबुजून पाणी सोडणारा स्वतःच्या गायी त्याच पाण्यात उभ्या करत नाही.

प्यू सुटला. पण हे सर रूपर्टला पटवायचं तर दुसरं नाव द्यावं लागणार होतं.

परत बांधावर चढून त्यानं सहज तळ्याकडे पाहिलं. ऊन कललं होतं. सकाळी जो गाळ सपाट वाटला होता, त्यावर तिरप्या उन्हात सावल्या उमटल्या होत्या. भोकं. शेकडो भोकं, देवीच्या व्रणांसारखी, या काठापासून त्या काठापर्यंत.

३

दुसऱ्या दिवशी प्रॉसर पाय रुतू नयेत म्हणून काटक्यांचे कुड टाकत गाळात उतरला, तर त्याच्याही आधी तिथे एकजण पोचलेला. शाळामास्तर ल्यूकस बीम. पँट गुडघ्यापर्यंत वर, चष्म्यावर चिखल.

"चांदी!" मास्तर धापा टाकत म्हणाले. "राजा आणि पार्लमेंटची लढाई झाली तेव्हा टॅलॉकांनी घरातली चांदी लपवली. ती इथेच आहे, सार्जंट! कुणीतरी माझ्या आधी हात मारला!"

"मास्तर, लढाई झाली तेव्हा तळं होतं कुठे? तळं नंतर शंभर वर्षांनी झालं."

"ठाऊक आहे हो! म्हणून तर मी विहीर म्हणतो. विहीर तेव्हाही होती. वीस वर्षं मी पोरांना हेच शिकवतोय आणि पोरं मागे हसतात." त्यांचा चेहरा उतरला. "तुम्हाला मीच वाटलो ना चोर?"

प्रॉसर विहिरीपाशी गेला. विहिरीच्या तोंडावर दगडी शिळा होती आणि शिळेवर दोनशे वर्षांचा गाळ मलईसारखा जमलेला, एक ओरखडा नाही. चांदीच्या मागे लागलेल्यानं सगळ्यात आधी ही शिळा हलवली असती.

"मास्तर, जा, घरी जाऊन पाय शेकत बसा. तुम्ही यात नाही."

"नाही ना?" मास्तर म्हणाले, आणि सुटकेपेक्षा त्यात निराशाच जास्त होती.

एकटा राहिल्यावर प्रॉसरनं भोकं नीट पाहिली. बोटाएवढी जाड, हातभर खोल. हातातल्या काठीची असावीत. लांब बांबू नव्हे. भोकांच्या कडेनं गाळावर लांबट चौकोनी ठसे: एक फळी पुढे, मग मागची उचलून तिच्याही पुढे, असं कुणीतरी अख्ख्या तळ्यावरून चाललं होतं. एकट्यानं. धुक्यात.

तो उकिडवा बसला. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा गावकऱ्याच्या उंबऱ्यावर. कदाचित त्याच्याच पणजोबाच्या पणजोबाचा असेल. समोर हॉलच्या बंद खिडक्यांच्या रांगा. आवाज म्हणून कसला नव्हता.

तळं रिकामं करणं हा हेतूच नव्हता. हेतू शोधण्याचा होता. आणि लपवणाऱ्याला जागा ठाऊक असते. तो येतो, एका जागी खणतो, घेऊन जातो. इथे वीतभर जागा सोडली नव्हती. सगळीकडे तोच शोधतो ज्याचं काहीतरी हरवलेलं असतं.

सर रूपर्टचं या गावात काहीच हरवलं नव्हतं. शिवाय मालकाला स्वतःचं तळं चोरून सोडायची काय गरज? हुकूम केला की झालं.

प्रॉसरनं वाकून एक ठसा जवळून पाहिला. लांबट चौकोन, आणि एका बाजूला कडेबाहेर आलेल्या बोटाएवढ्या खुंट्यांचे ठसे. शेतावरच्या फळीला खुंट्या नसतात. दोन फळ्या एकीत एक बसून सलग दिसाव्यात म्हणून सुतार अशा खुंट्या ठोकतो.

त्याच्या डोळ्यांपुढे भिंतीलगतची ती रिकामी घडवंची आली.

४

"या," लेडी सिबिल म्हणाल्या. "मिसेस ऑर्चर्डला मी घरी पाठवलंय. चहा मीच केलाय, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका."

आजही हातांत मोजे होते. किटली उचलताना त्यांनी ती दोन्ही मनगटांत धरली.

प्रॉसर बसला नाही. "बाईसाहेब, या टेबलाच्या फळ्या कुठे आहेत?"

त्यांनी किटली खाली ठेवली. मग शांतपणे मोजे काढले. दोन्ही तळव्यांची कातडी सोलून निघाली होती.

"चाक इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "शनिवारी मिसेस ऑर्चर्ड येणार नाही असा निरोप आला. बाहेर पाहिलं तर काही दिसत नव्हतं. म्हटलं, आताच. थोडं फिरवायची, मग तिथेच दगडावर बसून राहायची."

"सर रूपर्टना सांगितलं असतंत तर..."

"सांगितलं होतं. उन्हाळ्यात. तो हसला. म्हणाला, 'काकू, नाताळनंतर हॉल पाडणारे येणार आहेत, तुम्ही गावातल्या घरात जाणार. तळ्याशी तुम्हाला काय करायचंय?' काय करायचंय ते मला सांगता आलं नाही. तीस वर्षं या घरात ते नाव कुणी घेतलेलं नाही. घ्यायची सवयच गेली."

प्रॉसरनं ते नाव घेतलं. "मिस फिलिडा."

बाईंनी डोळे मिटले.

चर्चमध्ये तिच्या नावाची शिळा होती. एकोणीस वर्षांची फिलिडा टॅलॉक, या तळ्यात बुडाली. बापानं तिचं लग्न ठरवलं होतं आणि ती नको म्हणत होती, हेही गावाला ठाऊक होतं. एका सकाळी होडी उलटी तरंगताना दिसली. गळ टाकून आठवडाभर शोधलं, काही लागलं नाही. तिचे वडील सर अँब्रोझ यांनी शिळा बसवली आणि विषय मिटवला.

"मी कधी त्या शिळेला फूल वाहिलं नाही," बाई म्हणाल्या. "दगडाखाली कुणी नाही हे ठाऊक असताना कशी वाहणार? ती इथे आहे की नाही, एवढंच मला हे घर सोडण्याआधी कळायला हवं होतं."

"आणि गाइल्स प्यू? त्याचं घर जायची वेळ आली."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मला वाटलं, तुम्ही शोधून काढाल. मग मला ते तोंडानं सांगावं लागणार नाही." त्यांनी सोललेले तळवे मांडीवर पालथे केले. "भित्रेपणा झाला."

"बाईसाहेब, तुम्हाला तिथे काही सापडलं?"

त्या उठल्या आणि काठी टेकत चालू लागल्या. "चला. सापडलं. आणि न सापडतं तर बरं झालं असतं."

५

बंदुकींच्या खोलीत, जमिनीवर, टेबलाच्या चिखलानं माखलेल्या दोन फळ्यांवर ते पडलं होतं. काळपट चामड्याचं गाठोडं. बाईंनी एक कोपरा धुतला होता. तिथे अजून लाल रंग दिसत होता.

"मोटारीत घालायचा कोट," त्या म्हणाल्या. "अठराव्या वाढदिवसाला तिच्या वडिलांनी पॅरिसहून आणवला. अख्ख्या जिल्ह्यात तसा दुसरा नव्हता. लांबून लाल ठिपका दिसला की लोक म्हणायचे, फिलिडा आली. पुलाखाली होता. आत दगड आहे, प्रॉसर. तिनं दगड बांधून घेतला होता. मी समजत होते होडी उलटली. अपघात झाला असं समजून तीस वर्षं काढली." त्या भिंतीला टेकल्या. "बाकी काही लागलं नाही. माशांनी ठेवलं नसेल."

प्रॉसर गुडघ्यांवर बसला. गाठोड्याला हात लावायच्या आधी त्यानं ते चारी बाजूंनी पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"बाईसाहेब, ही गाठ तुम्ही मारलीत?"

"नाही. होतं तसंच ओढत आणलं."

"मग इकडे या. नीट बघा. गाठ कशाची आहे?"

त्या वाकल्या. "बाह्यांची."

"बाह्यांची. दोन्ही बाह्या दगडाभोवती घेऊन एकमेकींना गाठ मारलीय. दुहेरी." त्यानं वर पाहिलं. "कोट अंगात असेल तर बाह्यांत हात असतात. हात असलेल्या बाह्यांना गाठ मारता येत नाही."

बाईंनी त्या गाठीवरून बोट फिरवलं.

"कोट रिकामा होता, बाईसाहेब. घडी केलेला, आत दगड ठेवलेला. बुडवला गेला तो फक्त कोट."

"पण का? कुणी..." त्यांनी पुन्हा दगडाकडे पाहिलं. "कुणी तिला मारून मग कोट..."

"मारणारा कोट वेगळा कशाला बुडवेल? त्याला दगड हवा असता तो प्रेतासाठी. आणि प्रेत तुम्हाला सापडलं असतं. हाडं मासे खात नाहीत. ज्या गाळात चामडं टिकलं त्या गाळात हाडंही टिकली असती, आणि तुमच्या काठीनं वीतभर जागा सोडलेली नाही." तो हळूच, एकेक शब्द ठेवल्यासारखा बोलू लागला. "असं बघा. हा कोट अख्खा जिल्हा ओळखतो. तो घालून ती स्टेशनवर गेली असती तर हमालसुद्धा म्हणाला असता, मिस फिलिडा गाडीत बसल्या. तो खुंटीवर ठेवून गेली असती तर तिच्या वडिलांनी दुसऱ्या कोटातली पोर शोधायला माणसं धाडली असती. पण कोटही नाही, पोरही नाही, होडी उलटी. मग सगळे एकच समजणार, कोटासकट बुडाली. तिनं कुणाचा तरी साधा कोट अंगात घातला, हा बुडवला, काठाशी उतरून होडी उलटी करून ढकलून दिली, आणि चालत गेली."

बाईंनी कोटाच्या धुतलेल्या लाल कोपऱ्यावर हात ठेवला.

"म्हणजे ती मेली नाही," बाई म्हणाल्या.

"त्या दिवशी तरी नाही."

"ती मला सोडून गेली."

पोलिसातल्या इतक्या वर्षांत त्यानं मेलेल्यांच्या घरी निरोप नेले होते. असा निरोप पहिल्यांदाच. त्यानं नुसता हात पुढे केला. बाईंनी तो धरला आणि बंदुकींच्या खोलीतल्या एकुलत्या एक स्टुलावर बसल्या.

"एकोणपन्नास," त्या एकदम म्हणाल्या. "ती आता एकोणपन्नास वर्षांची असेल, प्रॉसर. केस पिकायला लागले असतील. मी एकोणीसच्या पोरीसाठी रडत होते."

६

शुक्रवारी वकील येण्याआधी लेडी सिबिल प्यूच्या शेतावर चालत गेल्या. गोठ्याच्या दारात उभं राहून, शेजारीपाजारी ऐकताहेत याची तमा न बाळगता, त्यांनी सगळं सांगितलं. प्यूनं टोपी काढली आणि बसायला दुधाची चरवी उलटी करून दिली.

"बाईसाहेब, मला आधी बोलला असतात तर चाक मी फिरवलं असतं की!"

"तुमच्या गाईबद्दल मला वाईट वाटतं."

"ती? कालपासून उभी राहायला लागलीय. लाथासुद्धा मारते."

सर रूपर्टला मात्र हे पचायला जड गेलं. "काकू, लोक काय म्हणतील? टॅलॉकांच्या घरची बाई फळ्यांवरून चिखलात..."

"नोटीस मला दे, रूपर्ट. गुन्हा मी केलाय."

नोटीस कुणालाच गेली नाही. मोरीचं दार मात्र पुन्हा कुणी खाली केलं नाही. हॉलच पाडायचा तर आरसा कशाला, असं म्हणून रूपर्टनंही नाद सोडला. गावकरी रविवारी मुलाबाळांना घेऊन गाळ वाळलेल्या जुन्या रस्त्यावरून फिरून यायचे. चर्चमधली ती शिळा लेडी सिबिलनी स्वतः सांगून काढवली. भिंतीवर तेवढा चौकोन फिका राहिला.

मग त्यांनी लंडनच्या वर्तमानपत्रांत, आणि प्रॉसरनं पत्ते काढून दिले त्या कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांतही, एक जाहिरात दिली. 'फिलिडा. तळं रिकामं आहे. रागावणारं आता कुणी उरलं नाही. आई.' खाली हॉलचा टेलिफोन नंबर.

नोव्हेंबर गेला. कुणीही उत्तर दिलं नाही. प्रॉसर दर गुरुवारी कांदे घेऊन यायचा, दोघं त्या आक्रसलेल्या टेबलाशी बसून चहा घ्यायची. तो आपल्या बायकोबद्दल बोलायचा, त्या फिलिडाबद्दल. बोलायची सवय दोघांनाही पुन्हा लागत होती.

नाताळच्या आदल्या आठवड्यात तो आला तेव्हा दिवाणखान्यात खोकी रचलेली होती. भिंतींवरच्या तसबिरी उतरल्या होत्या. लेडी सिबिल टेलिफोनपाशी उभ्या होत्या, रिसीव्हर कानाला. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"...आणि तळ्यात आता गवत उगवलंय," त्या बोलत होत्या. आवाज अगदी रोजचा, जेवणाच्या टेबलावर बोलावा तसा. "प्यूच्या गायी येतात चरायला. तुझ्या खोलीला मी हात लावलेला नाही, पण ती पंधरवड्यात आवरावी लागेल. मी गावातल्या घरात जातेय, चर्चच्या मागच्या. लहान आहे. धुराडं चांगलं ओढतं..."

प्रॉसर दाराशी टोपी हातात घेऊन उभा राहिला. पलीकडून एक शब्द ऐकू येत नव्हता. लेडी सिबिल मात्र बोलत राहिल्या. पावसाबद्दल, मिसेस ऑर्चर्डच्या गुडघ्याबद्दल, हॉलच्या छपराबद्दल. शेवटी त्यांनी नवीन घराचा पत्ता सांगितला, सावकाश, दोनदा. मग त्याही गप्प झाल्या आणि दोन्ही बाजूंनी नुसतंच ऐकणं उरलं.

"कोण आहे?" प्रॉसरनं कुजबुजत विचारलं.

लेडी सिबिलनी रिसीव्हरवर तळहात ठेवला.

"बोलत नाही कुणी," त्या म्हणाल्या. "पण फोन ठेवतही नाही. प्रॉसर, ती खुर्ची जरा इकडे सरकवा."